रव्याचे बार

९ जानेवारी १९६१, सोमवार

रशियन नाताळ आटोपला. परवा सिमियन बायकोच्या हातचा माशा-भाताचं सारण भरलेला पिरोक घेऊन आले होते, त्याचाच उरलेला तुकडा आज दुपारी सिमियन, ऑरिन आणि मी खाल्ला. ताटं उचलायच्या आधीच ऑरिननं त्याची रायफल टेबलावर ठेवली.

"व्हर्ना, ही पुरत नाही. मला मोठी करून दे."

"केवढी मोठी?"

"अस्वल आलं तर जागच्या जागी बसलं पाहिजे, एवढी."

सिमियन खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. अलास्काच्या या कोडियॅक बेटावर जानेवारीत असतो तोच आडवा पाऊस.

ऑक्टोबरातल्या त्या दिवसाबद्दल ऑरिन फारसा बोलत नाही. मला एवढंच माहीत आहे: पाहुण्या शिकाऱ्यानं अस्वल जखमी केलं, ते ओल्डर झाडांच्या दाट झुडपात शिरलं, आणि मार्गदर्शक म्हणून ऑरिनला त्याच्या मागे आत जावं लागलं. बरोबर सिमियन होते. गेली कित्येक वर्षं तेच त्याच्याबरोबर ओझी वाहतात. अस्वल अंगावर आलं आणि अगदी पायाशी येऊन पडलं. त्याची तीनशे पंचाहत्तर बोअरची मॅग्नम कमी पडली, असं ऑरिन म्हणतो.

तो परत आला तेव्हा नेहमीसारखी मी रायफल साफ करायला घेतली. पाऊस आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाला लावतात ती चिकटपट्टी नीट लावलेली होती, आणि आत माझ्या तेलाचा वास तसाच. म्हणजे तंबूतच त्यानं ती पुसून, तेल देऊन, वर पट्टी लावून ठेवली होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बंदूक स्वतः पुसल्याचं हे पहिल्यांदाच. मला बरं वाटलं होतं.

१४ जानेवारी

कागदावर आखणी सुरू केली. दुकानात हत्ती मारायची तयार चारशे अठ्ठावन्नची मॅग्नम आता मिळते, पण तिच्या काडतुसाची पितळी पुंगळी आखूड. ऑरिनला लांब हवी. म्हणजे जुन्या तीनशे पंचाहत्तरच्याच रिकाम्या पुंगळ्या घ्यायच्या, त्यांचं तोंड रुंद करायचं, निमुळतं अंग फुगवून सरळ करायचं, तोंडाखाली जेमतेम उतार, म्हणजे खांदा, ठेवायचा आणि चारशे अठ्ठावन्नची गोळी बसवायची. कोठारात अशा पुंगळ्यांचं पोतंच पडलं आहे. बाबांची शिकवण, पितळ कधी फेकून द्यायचं नाही.

बाबांचं लेथ अजून छान चालतं. ते सेवर्डला बंदुका दुरुस्त करायचे. मुलगा नव्हता, म्हणून मला शिकवलं. मी बरी शिकले, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ऑरिनही दाखवत नाही. पुरुषांचं असंच असतं बहुतेक.

रायफल पहिल्या महायुद्धातल्या लष्करी एनफिल्ड रायफलीच्या सांगाड्यावर बांधायची. तिचं पोलाद दांडगं असतं.

२ फेब्रुवारी

पहिली खेप पूर्ण वाया. तोंड रुंद करताना पुंगळ्या काकडीसारख्या उभ्या चिरल्या. पितळ जुनं, कडक झालेलं. नरम करून घ्यायला हवं होतं, मी घाई केली. आता एकेक पुंगळी पाण्याच्या ताटात उभी करायची, वरचं तोंड तेवढं ज्योतीनं तापवायचं आणि रंग बदलला की पाण्यात आडवी पाडायची. बूड तापून चालत नाही. बूड नरम पडलं तर बार उडताना तोंडावर येतं.

दुसऱ्या खेपेला अंगठा भाजला. लिहितानाही दुखतो आहे.

ऑरिन दारात येऊन चिरलेल्या पुंगळ्यांकडे बघत उभा राहिला. "जमत नसेल तर राहू दे गं, व्हर्ना," असं म्हणाला, इतक्या मायेनं, की मला रडू आलं. मग अंगठ्याला त्यानंच लोणी लावलं. संध्याकाळचं जेवणही त्यानं केलं.

आता मी जमवल्याशिवाय राहणार नाही.

११ फेब्रुवारी

आज रव्याचे बार. मला या कामातला हाच भाग आवडतो. गोळी न घालता बंदुकीची थोडी दारू, वर नाश्त्याचा रवा, तोंडाला मेणाचं बूच. नव्या रायफलीत घालून आकाशाकडे उडवायचं. दाबानं पुंगळी फुगते आणि नळीत ती बसते त्या नव्या कोठीचा आकार घेते. धक्का जवळजवळ नाहीच, नुसता धूर आणि भाजल्या रव्याचा वास.

सिमियन मजा बघायला आले. त्यांच्या दाढीवर रवा उडाला.

"पोरी, अस्वल मारणार आहेस का त्याला न्याहारी वाढणार आहेस?"

"आधी न्याहारी, मग गोळी."

"मग दूध-साखर पण घाल. उपाशी अस्वल फार चिडकं असतं."

खूप दिवसांनी हसले. पुंगळ्या सुंदर निघाल्या, सरळ, चकचकीत, खांद्यापाशी निळसर झाक. ऑरिननं एक उजेडात धरली, बोटांत फिरवली.

"खांदा फार उतरता आहे."

"चालतो तेवढा."

"मला नाही वाटत."

म्हणजे कोठी कापायचं हत्यार पुन्हा घासा, नळी पुन्हा कापा, साचा पुन्हा करा. जीव त्याचा पणाला लागणार आहे, माझा नव्हे. शंका असेल तर ती मला फेडायलाच हवी.

२० फेब्रुवारी

हत्यार घासणं चालू. डोळे चुरचुरतात.

ऑरिन हल्ली रोज खाली धक्क्यावर, मासे डबाबंद करतात त्या कॅनरीच्या बाजूला जातो. आधी वाटलं, बोटवाल्यांबरोबर पीत बसत असेल. पण तोंडाला वास नसतो, आणि हात मात्र कोपरापर्यंत काळे. विचारलं तर म्हणतो, "कॅनरीतल्या ओझी ओढायच्या चक्राचं इंजिन बघत होतो जरा." दुसऱ्यांची इंजिनं फुकट दुरुस्त करायला याला वेळ आहे, आणि इथे मला नळी धरायला माणूस नाही. आज त्याला तसं बोललेही. तो मान खाली घालून ऐकत होता. नंतर मलाच वाईट वाटलं.

५ मार्च, रविवार

पूर्ण दारूचे बार सुरू केले. ऑरिनच्या खांद्यात लाकडं फोडताना उसण भरली आहे, म्हणून बार मीच उडवते. पहिल्या धक्क्याला दात एकमेकांवर आपटले. तिसऱ्यानंतर टोपी शोधायला मागे वळावं लागलं. सहाव्याला रायफलीचा लाकडी दस्ता पकडीपाशी तडकला.

"बघ, मी म्हणत होतो," ऑरिन म्हणाला. तो असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण दमल्यावर माझ्या फारसं लक्षात राहत नाही.

नवा दस्ता अक्रोडाचा करायला घेतला. आत पोलादी आडवा खिळा घालणार.

१९ मार्च

दोन पुंगळ्या आत अडकल्या. बोल्ट, म्हणजे कोठीमागची सरकती कडी, लाकडी हातोडीनं ठोकून उघडावा लागला. म्हणजे दाब जास्त. दारू बदला, पुन्हा पहिल्यापासून मोजा.

घरात आले तर ऑरिननं आंबवलेल्या पिठाचे तव्यावरचे केक केले होते, वर ब्लूबेरीचा मुरंबा. तव्यापाशी उभा राहून तो चक्क शीळ घालत होता. एक गोष्ट मी नीट पाहिली आहे: काम बिघडलं की तो माझ्याशी फार चांगला वागतो. चिडत नाही, टोचून बोलत नाही, आणि रात्रभर शांत झोपतो. असा नवरा मिळायला नशीब लागतं. आणि मी याला एक धड काडतूस करून देऊ शकत नाही.

मिस्टर बर्डिक मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी अस्वलाच्या शिकारीला येणार. ओहायोचे, जुने गिऱ्हाईक, सभ्य माणूस. तोवर झालं पाहिजे.

९ एप्रिल, रविवार

सिमियनकडे रशियन ईस्टर. उंच गोड पाव, रंगवलेली अंडी, खारवलेला सामन. ऑरिन बाहेर माणसांत बसला होता. मी सिमियनना चुलीपाशी गाठलं. बरेच दिवस मनात होतं, ते विचारून टाकलं.

"खरं सांगा. त्या दिवशी ऑरिनची गोळी खरंच कमी पडली का, का लागली चुकीच्या जागी? मला नक्की कळलं तर काम सोपं होईल."

"कुठली गोळी?" सिमियन म्हणाले.

"ऑरिनची. ऑक्टोबरातली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग किटलीकडे. "चहा घे, पोरी. निवेल."

मग गुडघ्याचं दुखणं सांगत बसले. म्हातारे आता कमी ऐकतात, विसरतातही. वय झालं. या मोसमानंतर त्यांना ओझी वाहायला लावू नये, असं ऑरिनला सांगायला हवं.

२२ एप्रिल

झालं.

हे एवढंच लिहून झोपणार होते, पण लिहिते. आज सगळे बार नीट गेले. पुंगळ्या बोटानं बाहेर पडतात. दोन ओंडके एकामागे एक ठेवले होते, गोळी दोन्हींतून पार झाली. निशाणावरच्या खुणा बशीखाली झाकतील इतक्या जवळ. बाबा असते तर काही बोलले नसते, पण ती पुंगळी खिशात घालून घेऊन गेले असते.

ऑरिनला हाक मारून दाखवलं. तो ओंडक्यातल्या भोकात बोट घालून किती तरी वेळ उभा होता. चेहरा पांढरा.

"छान झालंय," म्हणाला.

बस्स. रात्री जेवलाही नाही. सगळा हिवाळा घातला मी यात. दोन शब्द जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं?

२८ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

दुपारी मी काडतुसं डब्यात भरत होते. ऑरिन आत आला, रायफल उचलली, बोल्ट मागेपुढे केला. तो मी असा घासला आहे की लोण्यात सुरी जावी तसा जातो.

"जरा जड लागतो."

मी डबा खाली ठेवला. "ऑरिन, सोमवारी माणूस येतोय. आता आणखी एक दोष काढलास तर ही रायफल मी खाडीत फेकीन."

"फेक."

"काय म्हणालास?"

"फेक ना." आणि तो उलट्या बादलीवर मटकन बसला. "तुला वाटतं मी चुका काढत होतो. मी चुकांची वाट बघत होतो, व्हर्ना. पुंगळी फुटली की मला बरं वाटायचं. आणखी एक आठवडा मिळाला म्हणून."

"कसला आठवडा?"

"न जाण्याचा."

मग त्यानं सांगितलं, जमिनीकडे बघत. अस्वल झुडपातून निघालं, ऑरिननं रायफल खांद्याला लावली, आणि पुढे काहीच झालं नाही. "चाप कुठे आहे ते माहीत होतं. पण हातच माझा नव्हता." बाजूनं सिमियननी त्यांच्या जुन्या रायफलीतून गोळ्या घातल्या. अस्वल ऑरिनच्या बुटावर डोकं टेकून मेलं. तो तसाच उभा, नेम धरून. सिमियननी हळूच त्याचे हात खाली केले.

"मग गोळी कमी पडली असं का सांगितलंस?"

"कोणीतरी कमी पडलं होतंच ना."

"आणि मला ही बांधायला लावलीस?"

"आधी खरंच वाटलं होतं, मोठी असली तर धीर येईल. मग तू बांधायला लागलीस आणि मला कळलं, कितीही मोठी केलीस तरी ती धरणारा मीच आहे. तोवर तुझा अंगठा भाजला होता. मग कसं सांगणार?"

मी घरात गेले आणि बटाटे सोलायला बसले. दुसरं काय करायचं ते कळेना. लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त सोलले.

२९ एप्रिल

राग आज आला. काल नुसती बधिर होते.

भीती वाटली याचा राग नाही. अस्वलाची भीती कोणाला वाटत नाही? पण मी थंडीत कुडकुडत नळ्या कापत होते, स्वतःला नालायक समजत होते, आणि हा आत शीळ घालत केक भाजत होता! सकाळी त्याला हे सगळं ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "हो." प्रत्येक वाक्याला "हो." भांडायला समोर माणूस लागतो, आणि तो नव्हताच.

मग सिमियनकडे गेले. ते अंगणात जाळं सांधत होते.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"नवरा तुझा आहे की माझा?"

"मी ईस्टरला विचारलं होतं!"

"गोळीचं विचारलं होतंस. नवऱ्याचं विचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्यांनी गाठ दातानं ओढली. "बस, पोरी. माझा भाऊ एकदा समुद्रात पडला, वाचला, आणि त्यानंतर बोटीत चढला नाही. आम्ही त्याला पाच-सहा वर्षं रोज हसलो. आता वाटतं, कशाला हसलो? उत्तम जाळी करायचा तो."

"बर्डिकचं काय करायचं?"

"मार्गदर्शकाचा परवाना माझ्याकडेही आहे. लोक ऑरिनचं नाव बघून येतात, म्हणून तो पुढे आणि मी मागे. एकदा मी पुढे चालीन. ओझ्याला पुतण्याला घेईन." मग डोळे मिचकावून म्हणाले, "गुडघा दुखतोच आहे, पण खोटं बोलायला लागत होतं तेव्हा जास्त दुखायचा."

१ मे, सोमवार

सी-प्लेन दुपारी उतरलं. बर्डिकना मी एकटीच सांगणार होते, कसं सांगायचं ते पाठ करत होते. धक्क्यावर पोचले तर ऑरिन आधीच उभा. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट.

बर्डिक उतरले, हात पुढे केला. ऑरिननं तो धरला आणि सोडायच्या आतच बोलून टाकलं.

"मी येणार नाही, साहेब. मला अस्वलाची भीती बसली आहे. गेल्या खेपेला माझ्याकडून बार उडाला नाही. सिमियननी मला वाचवलं. तुम्ही त्यांच्याबरोबर जा."

धक्क्यावर तेव्हा माणसं होती. दोघं-तिघं वळून बघायला लागले. मला तोंड लपवावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

बर्डिकनी हात सोडवून टोपी मागे सारली. मग म्हणाले, "भीती मलाही वाटते. म्हणून तर बरोबर माणूस घेतो." सिमियनकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला वाटते का?"

"खूप," सिमियन म्हणाले. "पण मी म्हातारा आहे. घाबरायलाही मला जरा वेळ लागतो."

बर्डिक हसले. ऑरिन हसला नाही. पण पिशव्या त्यानंच उचलून बोटीत नेऊन ठेवल्या.

मी अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. जेवायला वाढते, एवढंच.

१२ मे

शिकार करून ते परतले. मोठं नर अस्वल, उघड्या उतारावर. बर्डिकनी स्वतःच्या नेहमीच्या रायफलीनं मारलं, दोन गोळ्यांत. सिमियनना बंदूक खांद्याला लावावीही लागली नाही. आमची सगळ्या हिवाळ्याची मेहनत कोठारात खिळ्याला टांगलेली.

बर्डिकना माझी रायफल बघायची होती. त्यांनी एक पुंगळी हातात घेऊन चाचपली, विचारलं, "हे कोणी केलं?"

"माझ्या बायकोनं," ऑरिन म्हणाला. "असं काम या बेटावर दुसऱ्या कोणाला जमत नाही. मला तर ते बिघडवायलाही जमलं नाही."

बर्डिकना यातलं काय कळलं असेल, देव जाणे. मी आत जाऊन उगीच कॉफी टाकली.

२१ मे, रविवार

ऑरिनला कॅनरीत इंजिनांचं काम मिळालं. हिवाळाभर फुकट दुरुस्त करून त्यानं ते मिळवलं होतं, हे मला आता कळतं. माशाच्या वासानं घर भरलं आहे. शहरात लोक बोलतात. दुकानात बायका माझ्याशी उगीच गोड वागतात. त्याला ते कळतं. संध्याकाळी तो मागच्या वाटेनं घरी येतो.

आज म्हणाला, "एकदा ती उडवून बघू दे."

"कशाला?"

"बघायचंय."

समुद्रावर गेलो. ओहोटी होती. वाहत आलेल्या ओंडक्यावर त्यानं नेम धरला. तो इतका वेळ धरून होता की मला वाटलं, पुन्हा तेच होणार, आणि मी दुसरीकडे बघायला लागले. मग बार झाला. वळून बघते तर ओंडक्याची ढलपी हवेत, आणि ऑरिन ओल्या खड्यांत बसलेला, पाय पसरून, टोपी कुठच्या कुठे.

धावत गेले. तो हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि मग हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही. मी शेजारी बसले. खडे थंडगार होते.

"भयंकर आहे हे," शेवटी तो म्हणाला, खांदा चोळत. "एकदाच उडवलं तर हाडं निखळली. व्हर्ना, असलं हे कोण उडवेल?"

"मी उडवलं," मी म्हटलं. "सगळा हिवाळा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात पुढे केला, माझ्या कोटाची वरची बटणं काढली आणि कॉलर बाजूला करून खांदा पाहिला. तिथे अजून पिवळं-हिरवं आहे. वारा सुटला होता, पण त्यानं कॉलर लगेच झाकली नाही, आणि मीही झाक म्हटलं नाही.

भरतीचं पाणी बुटांपर्यंत आलं तेव्हा उठलो. रायफल त्यानं घेतली. मी रिकामी पुंगळी शोधली, पुसली, कोटाच्या खिशात टाकली. घरी येऊन कोणीच स्वयंपाक केला नाही. थंड सामन आणि पाव खाल्ला, आणि उजेड असतानाच दोघंही झोपलो.